मोठ्या अ‍ॅडव्हेंचर टूरर: लाखभर किलोमीटरनंतर कोण टिकतं?

पल्लेदार

जुना धागा नव्या लाँचच्या चर्चेत वाहून गेला, म्हणून हा वेगळा काढतोय. विषय एवढाच की मोठ्या अ‍ॅडव्हेंचर टूरर गाड्या सात-आठ वर्षं आणि लाखभर किलोमीटर झाल्यावर कशा वागतात. पहिल्या वर्षाचे रिव्ह्यू नकोत, शोरूममधून निघताना सगळ्याच गुणी असतात.

डोक्यात असलेल्या गाड्या: बीएमडब्ल्यूची आर १२०० किंवा १२५० जीएस, होंडाची आफ्रिका ट्विन, यामाहाची टेनेरे ७०० आणि जुनी सुपर टेनेरे, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम, केटीएमची ७९०/८९० अ‍ॅडव्हेंचर, डुकाटीची मल्टिस्ट्राडा व्ही४. गाडी दहा वर्षं ठेवायची आहे. सामान भरपूर, मागे बऱ्याचदा बायको, अधूनमधून कच्चा रस्ता. नदी-नाले उड्या मारत ओलांडण्याचं वय गेलं.

दोन विनंत्या. "माझी आजवर कधी बंद पडली नाही" एवढंच लिहून निघून जाऊ नका. काय झिजलं, काय बदललं, काय खोलावं लागलं ते लिहा. आणि स्वतःच्या गाडीचं रडगाणं असेल तर कंपनीचं नाव घेऊ नका, नाहीतर दुसऱ्या पानावर धाग्याचं कुरुक्षेत्र होतं.

नटबोल्ट

चांगला धागा. विदा घेऊन सुरुवात करतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०१५ मध्ये एक पाहणी छापली होती. ११,००० हून जास्त वाचक, २००८ ते २०१४ या काळात नव्या घेतलेल्या १२,००० हून जास्त गाड्या. चार वर्षं वयाच्या गाडीत मोठी दुरुस्ती निघण्याचं अंदाजी प्रमाण, चाललेल्या अंतराचा हिशेब धरून, असं होतं: यामाहा ११ टक्के, सुझुकी आणि होंडा १२, कावासाकी १५, व्हिक्टरी १७, हार्ले २६, ट्रायम्फ २९, डुकाटी ३३, बीएमडब्ल्यू ४०, कॅन-अ‍ॅम ४२. केटीएम यादीत नाही.

आता यावर आणखी काय बोलायचं? जपानी घ्या आणि निवांत राहा.

काळंऑइल

हा तक्ता दर काही महिन्यांनी कुणीतरी चिकटवतोच. आकडे खरे आहेत, पण पल्लेदारांनी विचारलंय त्याचं उत्तर त्यात नाही.

तो कंपनीवार आहे, मॉडेलवार नाही. क्रूझर, स्पोर्ट्स, टूरर सगळं एकाच रकान्यात. शिवाय त्या पाहणीत तक्रारींचा मोठा वाटा इलेक्ट्रिकल, अ‍ॅक्सेसरी, ब्रेक आणि इंधनपुरवठा यांचा होता. इंजिन-गिअरबॉक्स मागे होते. म्हणजे ज्या गाडीवर लटकवलेल्या वस्तू जास्त, तिला बिघडायला जागाही जास्त. हीटेड ग्रिप गार पडली आणि मागच्या चाकाचं बेअरिंग फुटलं, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्या की टक्केवारी निघते, पण गाडी घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आणि गंमत बघा, "पुन्हा हीच कंपनी घ्याल का" या प्रश्नाला यामाहावाल्यांपेक्षा हार्लेवाल्यांनी जास्त होकार दिला होता. लोक बिघाडाला कंटाळतात असा आपला समज असतो. लोक खरे कंटाळतात ते अडकून पडायला.

माझ्या मते प्रश्न फिरवून विचारायला हवा. प्रत्येक मॉडेलमध्ये काय जातं हे इतक्या वर्षांनंतर सगळ्यांना ठाऊक असतं. ते जाण्याआधी सांगतं का? रस्त्यात जुगाड होतो का? आणि पार्ट दहा वर्षांनी मिळेल का? या तीन गोष्टींवर गाड्या लावून बघा, क्रम पार बदलतो.

अर्धवट_रायडर

सायकल घ्या. चेन सोडून काही जात नाही.

नटबोल्ट

@काळंऑइल, मुद्दा मान्य, पण ११ आणि ४० मधला फरक नुसत्या हीटेड ग्रिपने भरून निघत नाही हो. काहीतरी असणारच.

वळणवेडी

ते "काहीतरी" बऱ्याच अंशी मागच्या चाकाजवळ होतं. मी जीएसची चाहती आहे, त्यामुळे शिव्या घालायचा हक्क आहे असं समजते.

आर ११००, ११५० आणि सुरुवातीच्या आर १२०० या पिढ्यांमध्ये फायनल ड्राइव्हचं, म्हणजे चेनऐवजी शाफ्टने (दांड्याने) मागचं चाक फिरवणाऱ्या गिअरपेटीचं, मोठं बेअरिंग जायचं. त्यावर सगळ्या जगात इतकं लिहिलं गेलंय की कुणी नाकारत नाही. आर १२०० जीएस २००४ मध्ये आली तेव्हा त्या ड्राइव्हमधलं ऑइल "आयुष्यभराचं" आहे, बदलायची गरज नाही, असं धोरण होतं. पुढे तेच ऑइल ठरावीक अंतराने बदलायला सांगू लागले, यात काय ते आलं. २०१५ मध्ये मागच्या चाकाच्या फ्लँजचा रिकॉल झाला. चाकाचे बोल्ट जास्त आवळले तर अ‍ॅल्युमिनियमच्या फ्लँजला तडा जायचा, म्हणून ती स्टीलची करून दिली. २०१७ मध्ये लिक्विड कूल्ड जीएसच्या पुढच्या फोर्कच्या नळ्यांचा रिकॉल. २०१३ नंतरच्या याच लिक्विड कूल्ड पिढीत बेअरिंगची ओरड कमी झाली, पण शाफ्टच्या सांध्यात ओल शिरून गंज धरायच्या तक्रारी आल्या. शेवटी २०२२ मध्ये कंपनीने शाफ्ट तपासायची मोहीम काढली आणि ६०,००० किमीला शाफ्ट बदलायचं ठरवलं.

आता काळंऑइल यांची फूटपट्टी लावा. जुन्या फायनल ड्राइव्हचं बेअरिंग सांगून जायचं. चाक वर घेऊन बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं की खेळ हाताला कळायचा, ऑइलमध्ये चकचकीत कण दिसायचे, सीलमधून ऑइल झिरपायचं. ज्यांनी बघितलं ते वाचले. शाफ्टचा सांधा मात्र आतल्या आत गंजतो. रबरी बूट मागे सरकवून डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही कळत नाही. गाडी चांगली चालत असते आणि मग एकदम चालत नाही.

धूळपेर

वळणवेडी ताई, +१. चेनवाले आता खूश होतील, पण चेनसेट जपून वापरला तर २५-३० हजार जातो आणि तो डोळ्यांदेखत झिजतो. भरल्या गाडीला, कच्च्यात, आठवड्याला वंगण घालायचं काम मात्र कुणी आवडीने करत नाही.

माझा विषय वेगळा, धूळ. लाखभर किलोमीटरच्या इंजिनाची तब्येत कंपनीवर जितकी अवलंबून असते तितकीच एअर फिल्टर डब्यात नीट बसतोय का यावर असते. केटीएमच्या ९५० आणि ९९० मध्ये, आणि पुढे ११९० मध्येही, फिल्टरच्या कडेने धूळ आत जाते ही तक्रार सर्वश्रुत आहे. त्यासाठी बाहेरच्यांनी काढलेल्या प्री-फिल्टरचा धंदा त्यावरच उभा राहिला. आत गेलेली धूळ म्हणजे बारीक वाळू. इनटेक व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि क्लिअरन्स (व्हॉल्व्हवरची फट) कमी होत जातो. मग रिंगा. गाडी ऑइल प्यायला लागते आणि मालक म्हणतो इंजिन हलकं निघालं.

बघायचं कसं, तर फिल्टर काढल्यावर त्याच्या पलीकडच्या बाजूला, थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या तोंडात पांढरं फडकं गुंडाळलेलं बोट फिरवा. फडकं तांबूस आलं तर फिल्टर कितीही नवा असू द्या, कडेने वाट आहे. कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन बसवायचा आणि पुढच्या वेळी ग्रीसवर धुळीची रेघ कुठे तुटली आहे ते बघायचं. जिथे तुटली तिथून शिरते.

सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर आधी सीट काढा आणि हे करा. मालकाचा चेहरा वाचायची गरज उरत नाही.

मोजमाप

व्हॉल्व्हवरून आठवलं. तपासणीचे अंतर कंपन्या काय देतात: आफ्रिका ट्विन आणि व्ही-स्ट्रॉम २४,००० किमी, केटीएम ७९०/८९० ३०,०००, टेनेरे ७०० आणि सुपर टेनेरे ४०,००० च्या आसपास, मल्टिस्ट्राडा व्ही४ ६०,०००. डुकाटीने या व्ही४ मध्ये डेस्मो (व्हॉल्व्ह स्प्रिंगऐवजी यंत्रानेच बंद करायची पद्धत) सोडून साध्या स्प्रिंगचे व्हॉल्व्ह घेतले त्यामुळे हे जमलं. म्हणजे दीर्घकाळ टिकण्यात डुकाटी पहिली? :)

काळंऑइल

तपासणीचं अंतर लांब असणं ही सोय. टिकाऊपण ही दुसरीच गोष्ट.

त्याच व्ही४ च्या अगदी पहिल्या काही गाड्यांची इंजिनं २०२१ मध्ये व्हॉल्व्ह गाइडच्या कारणाने कंपनीने बदलून दिली. बदलून दिली हे चांगलंच केलं, पण साठ हजारांचा आकडा त्यावर उपाय नव्हता. आणि साठ हजारांना जेव्हा ते काम निघतं तेव्हा चार सिलेंडर, सोळा व्हॉल्व्ह, वरून अर्धी गाडी उतरवायची. ट्विनमध्ये आठच. घरच्या घरी फीलर गेज घेऊन बसणाऱ्याला सुझुकीचं २४,००० चं काम जास्त परवडतं.

उलट बाजूचं उदाहरण केटीएम ७९०/८९० चं. अंतर ३०,००० चं, आणि कॅमशाफ्ट-रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) झिजल्याच्या तक्रारी मात्र त्याच्या कितीतरी आधी आल्या. वरून टकटक ऐकू येते म्हणून लोक जातात, कव्हर काढलं की कॅमच्या नाकावर खड्डे. इथे गाडी सांगते हे खरं, पण तिचं कुणी ऐकून घ्यावं लागतं. "या इंजिनाचा आवाजच असा" हे वाक्य किती जणांनी ऐकलंय हात वर करा.

वळणवेडी

दोन्ही हात वर.

अर्धवट_रायडर

हात वर केले की गाडी पडते ताई.

पल्लेदार

@काळंऑइल, केटीएमवर थोडं आणखी लिहा ना. ८९० चालवून बघितली आहे आणि मन तिथेच अडकलंय. या सगळ्यात हसत हसत उतरलो अशी ती एकच.

काळंऑइल

चालवायला तिच्या जवळपास कुणी नाही, यात वाद नाही. पण दहा वर्षं ठेवायची म्हणता म्हणून दुसरी बाजू सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने ऑस्ट्रियात दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचनेचा अर्ज केला. २०२५ च्या फेब्रुवारीत देणेकऱ्यांनी ३० टक्के घेऊन मिटवायला मान्यता दिली, बजाजने पैसा ओतला आणि कंपनी वाचली. आता पुढे पार्टचा पुरवठा कसा राहतो हे ज्याने त्याने आपल्या डीलरकडे डोळे उघडे ठेवून बघावं. मी असतो तर गाडी घेण्याआधी काउंटरवर जाऊन तीन फालतू वस्तू मागितल्या असत्या: वॉटर पंपाचं सील, क्लच लीव्हर, मागचं चाक-बेअरिंग. तीनही आठवड्यात आली तर घ्या.

ही परीक्षा कुठल्याही कंपनीला लावा. नावाजलेल्या कंपन्याही यात नापास होताना बघितल्या आहेत.

व्होल्टमीटर

कुणी चार्जिंगचं नावच काढलं नाही अजून, याचं आश्चर्य वाटतंय. अ‍ॅडव्हेंचर टूरर गाड्या रस्त्यात ज्या कारणाने झोपतात त्यात माझ्या अनुभवात हे सगळ्यात वरचं, आणि यात जपानी-युरोपीय असा भेद नाही. जुन्या एफ ८०० जीएसचे स्टेटर (अल्टरनेटरमधली वीज बनवणारी तारांची गुंडाळी) जळायचे, पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या व्ही-स्ट्रॉमचे जायचे, होंडाचे रेग्युलेटर तर दोन दशकं बदनाम होते.

कारण समजून घेतलं तर उपाय आपोआप कळतो. बहुतेक गाड्यांत कायम चुंबकाचा अल्टरनेटर असतो. इंजिन फिरतंय तोवर तो वीज बनवतच राहतो, कमी-जास्त करता येत नाही. जुन्या पद्धतीचा शंट रेग्युलेटर काय करतो, तर नळ पूर्ण सोडून बादली भरून घेतो आणि उरलेलं पाणी मोरीत सोडून देतो. म्हणजे तुम्ही दिवा लावा की न लावा, स्टेटर कायम पूर्ण ताकदीने राबतो आणि तापतो. वर तो बऱ्याच इंजिनांत गरम ऑइलच्या शेजारी बसलेला. वाइंडिंगवरचा लेप करपत जातो आणि एक दिवस शॉर्ट. सीरिज पद्धतीचा रेग्युलेटर नको असलेली वीज घेतच नाही, त्यामुळे स्टेटर थंड राहतो. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनी रेग्युलेटर बदलताना हाच टाकावा.

आता माझ्या गाडीचं. नाव घेत नाही, धाग्याचा नियम. सत्तर हजारांच्या पुढे गेल्यावर कधीकधी सेल्फ मारताना मीटर रीसेट व्हायचा. बॅटरी बदलली. महिन्याभरात पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरने दुसरी बॅटरी सुचवली. मग घरी साइड पॅनल काढलं. स्टेटरकडून येणाऱ्या तीन पिवळ्या तारांचा कनेक्टर पांढरा असतो, तो बिस्किटासारखा तपकिरी झाला होता आणि मधली पिन प्लास्टिकमध्ये रुतली होती. ओढून निघेना, कापावा लागला. स्टेटर शाबूत होता, रेग्युलेटर शाबूत होता. सैल पिनमुळे तिथे उष्णता वाढत गेली, बस. तारा सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, त्यानंतर तक्रार नाही.

प्रत्येकाने करायच्या तपासण्या: गाडी चालू करून ४,००० आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १३ च्या खाली तर चार्ज होत नाही, १५ च्या वर तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी उकळतेय. मग कनेक्टर सोडून पिवळ्या तारांच्या तीनही जोड्यांमध्ये एसी व्होल्ट बघा, तिन्हीकडे साधारण सारखे यायला हवेत. इंजिन बंद करून कुठल्याही पिवळ्या तारेपासून चॅसीला कंटिन्युइटी दिसली तर स्टेटर गेला. पाच मिनिटांचं काम. दर ऑइल चेंजला करा.

मोजमाप

@व्होल्टमीटर, वाखू (वाचनखूण) साठवली. हँडलबारवर व्होल्टमीटर लावून टाकावा का मग?

व्होल्टमीटर

माझं नाव बघा. :) लावा. फॉग लॅम्प, हीटेड जॅकेट, फोन चार्जर जोडणाऱ्यांनी तर लावाच.

धूळपेर

अवांतर: फॉग लॅम्प लावताना कंपनीच्या हार्नेसला चिमटा काढणारे अ‍ॅक्सेसरीवाले हे बिघाडांचं एक स्वतंत्र कारण आहे. अर्ध्या "इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम" गाडीत कंपनीचा दोष शून्य असतो. त्या २०१५ च्या पाहणीत हे कसं वेगळं काढलं असेल कोण जाणे.

जुनाजाणता

उशिरा आलो. एवढी चर्चा झाली आणि केएलआर ६५० चं नाव नाही?

कावासाकीची ही गाडी १९८७ ची. एक सिलेंडर, दिसायला यथातथा, पळायला त्याहून. तिच्यात बॅलन्सर चेनचा ताण धरणारी एक छोटी लिव्हर होती. ती तुटायची, नाहीतर तिची स्प्रिंग तुटायची. मालकांनी तिला "डूहिकी" नाव पाडलं आणि कारखान्याबाहेर बनवलेली मजबूत लिव्हर बसवणं हा नवी केएलआर घेतल्यावरचा विधीच होऊन बसला. कंपनीने २००८ मध्ये भाग सुधारला. मग त्या सालच्या गाड्या ऑइल पितात अशी ओरड सुरू झाली. २०२२ ला इंधन इंजेक्शन आलं. या सगळ्यात लोक तिच्यावर बसून अर्धी पृथ्वी हिंडले.

काळंऑइल म्हणतात ते यात पुरतं उतरलंय. दोष होता, पण एकच, सगळ्यांना माहीत, एका दुपारी मिटणारा. तसंच जुन्या एक्सआरव्ही ७५० आफ्रिका ट्विनचं. इंधन पंपाचे पॉइंट काळे पडून पंप थांबायचा, माहीतगार मालक पंपाला टिचकी मारून घरी यायचा. त्या गाडीला लोक अजून अजरामर म्हणतात. पंप थांबणारी गाडी अजरामर!

उलट मोटो गुझीच्या ८ व्हॉल्व्हच्या स्टेल्व्हिओत सुरुवातीला सपाट टॅपेट होते. त्यावरचा कडक लेप निघून कॅम खाल्ला जायचा आणि वरून काही कळायचं नाही. पुढे रोलर टॅपेट आले तेव्हा प्रश्न मिटला. इतकी मनमिळाऊ गाडी, पण रोलर बसवल्याचा कागद नसेल तर हात लावू नये.

नटबोल्ट

@जुनाजाणता, दंडवत. पण पल्लेदार मागे माणूस घेऊन केएलआरवर जाणार नाहीत. वहिनी उतरून चालत जातील.

पल्लेदार

वहिनींनी वाचलं. चालत नाही, दुसरी गाडी करून परत जाईन म्हणाल्या.

वळणवेडी

हाहा. बरं, यादीतल्या उरलेल्यांवर थोडक्यात.

टेनेरे ७००: इंजिन एमटी-०७ मधलं ६८९ सीसीचं, ते २०१४ पासून रस्त्यावर आहे, म्हणजे गाडी २०१९ ला आली तेव्हाच इंजिनाचे दात पडून झाले होते. सुरुवातीच्या गाडीत एबीएस सोडलं तर इलेक्ट्रॉनिक्स नाहीच. २०२५ च्या आवृत्तीत राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल) आलं. दोघं आणि सामान घेऊन मात्र मागचं सस्पेन्शन बसतं, स्प्रिंग बदलणं आलं.

आफ्रिका ट्विन: सीआरएफ १००० एल २०१६ ची, ११०० सीसीची २०२० पासून. पहिल्या गाड्यांच्या स्पोकवर गंज यायचा, चाकं बदलून दिली गेली. इंजिनाबद्दल वाईट ऐकलेलं नाही.

व्ही-स्ट्रॉम: ६५० चं इंजिन एसव्ही ६५० चं. कंटाळा येईल पण थांबणार नाही. जुन्या १००० च्या क्लचला कमी आरपीएमला थरथर असते, बास्केट बदललेली आहे का विचारा. ८०० वेगळ्या इंजिनाची आणि नवी आहे, लाखभराचं कुणी सांगेल तेव्हा बोलू.

सुपर टेनेरे: माझ्या मते या धाग्याची गाडी हीच. २०१० ची, शाफ्ट आहे आणि त्याच्या तक्रारी जवळजवळ नाहीत. सुरुवातीच्या मॉडेलचा कॅम चेन टेन्शनर चालू करताना खडखडायचा, नंतर सुधारलेला पार्ट आला. जड आहे, उंच आहे, आणि युरो ५ चे प्रदूषणाचे नियम आल्यावर युरोपात बंद झाली. म्हणजे जी मिळेल ती वापरलेली.

धूळपेर

सुपर टेनेरेला अनुमोदन.

एक गोष्ट सगळ्यांना लागू, म्हणून घुसडतो. मागच्या लिंकेजच्या आणि स्विंगआर्मच्या नीडल बेअरिंगमध्ये कारखान्यातून ग्रीस नावालाच असतं. प्रेशर वॉशर मारणाऱ्यांच्या गाडीत तेही राहत नाही. वीस-पंचवीस हजारांना एकदा खोलून भरा. कोनसेटचंही (हँडलच्या बेअरिंगचं) तेच. आणि शॉकअपमधलं ऑइल कुणी बदलत नाही. साठ हजारांनी "गाडी हल्ली डुलते" म्हणत टायर बदलत बसतात.

काळंऑइल

आणि इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन असेल तर ते ऑइल बदलून देणारा माणूस शोधून ठेवा. माझी दहा वर्षांबद्दलची खरी धास्ती इंजिनाची नाहीच. इंजिनं सगळ्यांची आता चांगली आहेत, अपवाद वर आलेच. धास्ती आहे ती स्क्रीन, सेमी-अ‍ॅक्टिव्ह शॉक, रडार, चावीविना चालणारं कुलूप यांची. दहाव्या वर्षी स्क्रीन काळी पडली आणि पार्ट बंद झालेला असला, तर गाडी चालेल पण किती वेगाने ते कळणार नाही. आर १३०० जीएसचा तर २०२४ ला स्टार्टर रिलेसाठी रिकॉल झाला, आग लागायचा धोका म्हणून. एवढंसं रिले.

नटबोल्ट

म्हणजे फिरून तेच, जपानी घ्या आणि निवांत राहा. :)

काळंऑइल

फिरून तेच नाही हो. जुनी सोपी जीएस, शाफ्टचा कागद असलेली, माझ्या यादीत नव्या कोऱ्या जपानी फ्लॅगशिपच्या वर आहे.

पल्लेदार

सगळ्यांचे आभार. यादी दोनवर आली: वापरलेली सुपर टेनेरे, टेन्शनर बदललेली, किंवा आफ्रिका ट्विन ११००. जीएसवर जीव आहे, पण शाफ्ट आतून गंजतो आणि बोलत नाही, हे वाचल्यापासून झोप उडाली. ८९० चं काळंऑइल यांनी सांगितलेलं काउंटरचं काम केलं. तीनपैकी एक वस्तू हातात होती, दोन मागवाव्या लागतील म्हणाले, कधी येतील ते सांगेनात. तो विषय संपला.

आता एकच शंका. आफ्रिका ट्विनमध्ये डीसीटी (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा) घ्यावा की हाताचा गिअर? लाखभराचा हिशेब धरून सांगा. डीसीटीचे क्लच गेले तर वाटेत काहीच करता येणार नाही ना?

व्होल्टमीटर

वाटेत हाताच्या क्लचचंही फार काही करता येत नाही, केबल सोडली तर. होंडाने डीसीटी व्हीएफआर १२०० मध्ये आणला त्याला आता दीड दशक होऊन गेलं. क्लच ऑइलच्या दाबावर चालतात, त्यासाठी वेगळा छोटा फिल्टर आहे. तो इंजिनाच्या फिल्टरहून निराळा, आणि बाहेर ऑइल बदलणारे तो विसरतात. तपासणीत पहिली गोष्ट ती बघा: सर्व्हिसच्या बिलात दोन फिल्टर आहेत की एक. एकच असेल तर ती गाडी सोडा.

दुसरं, कच्च्यात अगदी सावकाश, भरल्या गाडीने वळताना क्लच लीव्हर नाही याची सवय मागे माणूस असताना करू नका. आधी एकट्याने मोकळ्या मैदानात आठ काढा. मागच्या ब्रेकवर पाय ठेवून गाडी आवरायची असते, ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. गिअरचं गणित त्यानंतर ठरवा.

जुनाजाणता

आणि डीसीटीचा पार्किंग ब्रेक सोडल्याशिवाय स्टँडवरची गाडी ढकलायला जाऊ नका. त्याचा वेगळा लीव्हर आहे, तो ओढलेला राहतो. लोक दहा मिनिटं घाम गाळतात आणि मग चाक जाम झालं म्हणून इथे धागा काढतात.